वाचक विचारतात: खडकातून आलेला नत्र मोजायचा कसा?

गेल्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो होतो, की मातीतला सगळा नत्र काही पालापाचोळ्यातून आणि खतातून येत नाही, थोडा खालच्या खडकातूनच आलेला असतो. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आलेत की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: सर, आम्ही तर शाळेपासून हेच शिकलोय की फॉस्फरस, पोटॅश, कॅल्शियम खडकातून येतं आणि नायट्रोजन हवेतून. खडकात नत्र नसतोच ना? की छपाईची चूक होती?

चूक नव्हती हो. शाळेत सांगितलं तेही खोटं नाही, फक्त अर्धवट आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, त्यामानाने खडकात अगदी चिमूटभर, म्हणून पुस्तकं तो सोडून देतात. पण खडक चिमूटभर नसतो ना, तो पायाखाली किलोमीटरच्या किलोमीटर असतो.

तो तिथे पोचतो कसा ते बघा. समुद्रात जे काही जगतं ते मेल्यावर तळाच्या चिखलात जातं, चिखल साचत जातो, खाली दबतो, गरम होतो आणि त्यातलं सेंद्रिय सगळं हळूहळू मोडत जातं, त्यातला नत्र अमोनियम होऊन बाहेर पडतो. आता हा अमोनियम पाण्याबरोबर निघून गेला असता तर विषयच संपला असता, पण त्याच चिखलात क्ले, म्हणजे चिकणमातीची बारीक खनिजं, आहे, आणि त्या क्लेचं त्याच सुमाराला इलाईट नावाचं खनिज बनत असतं. इलाईटला आपल्या थरांच्या मधे बसवायला पोटॅशियम लागतं. अमोनियमचा आकार आणि चार्ज जवळपास पोटॅशियमसारखाच, म्हणून पोटॅशियमच्या जागी अधूनमधून अमोनियम जाऊन बसतो आणि दरवाजा बंद होतो. पुढे तोच चिखल शेल, म्हणजे पातळ थरांचा गाळाचा खडक होतो, आणखी तापला-दाबला गेला तर शिस्ट, म्हणजे अभ्रकाने चमकणारा पापुद्र्यांचा खडक होतो, इलाईटचं अभ्रक होतं, तरी त्यातला बराच अमोनियम पोटॅशच्या खुर्चीत बसूनच असतो. फार तापलं की मात्र तोही सुटायला लागतो, त्यामुळे जितका खडक जास्त भाजलेला तितका नत्र कमी.

आकडे सांगायचे तर गाळाच्या शेलमधे किलोला काहीशे मिलिग्रॅम, कधी हजारच्या घरात नत्र असतो, त्यातला काही अमोनियम आणि काही न मोडलेल्या सेंद्रियात. ग्रॅनाईटमधे साधारण काही दहा मिलिग्रॅम. १९५९ मधे स्टीव्हनसन यांनी खडकांमधे असा अडकलेला अमोनियम असतो हे 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं, म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही. तरी पुस्तकात अजून नीट उतरलेली नाही, ते का ते पुस्तकं लिहिणाऱ्यांनाच विचारा.

प्रश्न: अमोनियम तर पाण्यात विरघळणारा. मातीतला अमोनियम आम्ही लॅबमधे पोटॅशियम क्लोराईडने सहज काढतो. मग हा 'अडकलेला' का निघत नाही? कुठे चिकटलाय नेमका?

चिकटलेला नाही, कोंडलेला आहे. फरक मोठा आहे.

इलाईट, व्हर्मिक्युलाईट, स्मेक्टाईट ही क्ले म्हणजे पानांची चळत समजा. एकेका पानाच्या वरच्या-खालच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे अणू सहा-सहाच्या कड्यात बसलेले असतात आणि प्रत्येक कड्याच्या मधोमध एक खळगा असतो, साधारण २.८ अँगस्ट्रॉम रुंद (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पोटॅशियमची त्रिज्या १.३३, अमोनियमची १.४३ च्या आसपास, दुप्पट करून बघा, दोघेही त्या खळग्यात फिट्ट बसतात. त्यात या दोघांना अंगावरचं पाणी झटकून टाकायला फारशी ऊर्जा लागत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम मात्र पाण्याची जाडजूड रजई गुंडाळूनच फिरतात, ते दोन पानांच्या मधे आले तर पानं लांबच राहतात. अमोनियम आला की रजई फेकतो, खळग्यात उतरतो, पानाचा ऋण चार्ज त्याला ओढतो आणि वरचं पान खाली येऊन बसतं. व्हर्मिक्युलाईटमधे हे एक्स-रेवर चक्क दिसतं, १४ अँगस्ट्रॉमचं अंतर १० वर येतं.

आता तुम्ही पोटॅशियम क्लोराईड ओतता. पोटॅशियम कडेपर्यंत जातो, पण तोही पानं मिटवणाराच गडी, म्हणजे कुलूप उघडायला गेलेल्या माणसाने आणखी एक कडी लावून यावं तसं. जो अमोनियम पृष्ठभागावर बसलेला आहे तोच फक्त निघतो. आतल्याला हात लागत नाही. व्याख्याच तशी केलेली आहे, की पोटॅशियमच्या उदासीन क्षाराने जो निघत नाही तो फिक्स्ड.

केओलिनाईट या दुसऱ्या प्रकारच्या क्लेमधे हा प्रकार जवळपास नाहीच, कारण तिथे पानांवर एवढा चार्जच नसतो. म्हणून कुठल्याही मातीला एकच नियम लावू नका, आधी क्ले कुठली ते बघा.

प्रश्न: मी एम.एस्सी.ला आहे, प्रोजेक्टमधे फिक्स्ड अमोनियम काढायचाय. सिल्वा-ब्रेमनरची पद्धत दिलीय. गाईड म्हणतात जसं लिहिलंय तसं कर. पण प्रत्येक स्टेप का करायची ते कोणीच सांगत नाही, कृपया सांगाल का?

सांगतो, आणि विचारलंस ते बरं केलंस, कारण या पद्धतीत का ते कळलं नाही तर चुकीचं रीडिंग बरोबर वाटतं. हे उत्तर लांबणार आहे.

सिल्वा आणि ब्रेमनर यांनी १९६६ मधे ही पद्धत दिली आणि आजही बहुतेक लॅब तीच वापरतात. कल्पना साधी आहे, कोंडलेला सोडून बाकीचा सगळा नत्र आधी घालवायचा, मग कोठडी फोडायची आणि आत काय उरलं ते मोजायचं.

घालवण्यासाठी पोटॅशियम हायपोब्रोमाईट. एक ग्रॅम माती, १०० मेशच्या बारीक चाळणीतून गेलेली, त्यात हे २० मिली घालायचं, दोन तास ठेवायचं, पाणी घालून पाच मिनिटं उकळायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. हायपोब्रोमाईट सेंद्रिय पदार्थाचं ऑक्सिडेशन करतं आणि पृष्ठभागावरच्या अमोनियमचं थेट नायट्रोजन वायूत रूपांतर करतं, तो बुडबुडे होऊन निघून जातो. आता इथे थांब आणि नावाकडे बघ. *पोटॅशियम* हायपोब्रोमाईट. सोडियमचं पण बनतं, मग पोटॅशियमच का? कारण सोडियम पाण्यासकट पानांच्या मधे शिरून ती उघडतो, आणि पानं उघडली की जो मोजायचा तोच अमोनियम बाहेर येऊन वायू होऊन उडून जाईल. पोटॅशियम असला की पानं मिटलेली राहतात. बाहेर साफसफाई चालू असताना आतल्याला कोंडून ठेवायचं काम तो करतो. पुढचं धुणं ०.५ मोलर पोटॅशियम क्लोराईडने, त्याचंही कारण हेच. सेंट्रिफ्यूज करताना कंटाळून कोणी नुसत्या पाण्याने धुतलं तर रीडिंग खाली येऊ शकतं आणि मग माणूस मातीला दोष देत बसतो.

हायपोब्रोमाईट ताजंच कर. २०० मिली २ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साईड बर्फात ठेवून, ढवळत, ६ मिली ब्रोमिन थेंब-थेंब, मिनिटाला अर्धा मिलीपेक्षा जास्त नाही. घाई केली, गरम झालं की ते मोडतं आणि मग ऑक्सिडेशन अर्धवट. हे काम फ्यूम हूडमधेच.

आता कोठडी फोडणं. क्लेचं पान सिलिकेटचं, ते हायड्रोफ्लोरिक ॲसिडशिवाय फुटत नाही. ५ मोलर हायड्रोफ्लोरिक आणि १ मोलर हायड्रोक्लोरिक यांचं मिश्रण २० मिली, २४ तास शेकरवर. पान विरघळतं, अमोनियम द्रावणात येतो. मग अल्कली घालून स्टीम डिस्टिलेशन, अमोनिया बोरिक ॲसिडमधे पकडायचा आणि टायट्रेट करायचा. हायड्रोफ्लोरिकला काच चालत नाही, तो काचच खातो, म्हणून सगळं पॉलिथिलीनमधे. आणि हे ॲसिड अंगावर पडलं तर बाकी ॲसिडसारखं लगेच चुरचुरेलच असं नाही, कातडीतून आत जाऊन कॅल्शियम धरतं, दुखायला लागतं तोवर उशीर झालेला असतो. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल, कोणी सोबत नसेल, तर बाटली उघडायचीच नाही. गाईडने सांगितलं तरी नाही.

आता टायट्रेशन. समज मातीत किलोला २०० मिलिग्रॅम फिक्स्ड अमोनियम नत्र आहे, चांगला भरपूर. एक ग्रॅम मातीत म्हणजे ०.२ मिलिग्रॅम. ०.०१ नॉर्मल ॲसिडचा एक मिली म्हणजे ०.१४ मिलिग्रॅम नत्र, मग ब्युरेटवर तुला मिळणार १.४३ मिली. एवढंच! इंडिकेटरचा रंग हिरव्याचा फिकट गुलाबी होण्याचा क्षण एक-दोन थेंब पुढेमागे झाला तरी फरक पडतो. म्हणून मायक्रोब्युरेट, ॲसिड आणखी पातळ, तिप्पट रेप्लिकेट आणि ब्लँक, म्हणजे माती न घालता केलेलं तेच सगळं. मी नवा असताना सलग तीन दिवस माझे ब्लँक अर्धा-पाऊण मिली येत होते, रिएजंट बदलले, पाणी बदललं, डिस्टिलेशनचा सेट उकळून काढला, काही फरक नाही. शेवटी कळलं की पलीकडच्या टेबलावर एक जण अमोनियाची बाटली उघडी ठेवून काम करत होता आणि माझं बोरिक ॲसिड ती हवा पीत बसलं होतं. ०.६ मिलीचा ब्लँक म्हणजे किलोला ८४ मिलिग्रॅम, विचार कर, बऱ्याच मातीत खरा आकडाच तेवढा असतो.

प्रश्न: हायड्रोफ्लोरिक टाळता येणार नाही का?

येतं. हायपोब्रोमाईटपर्यंत सगळं तसंच करायचं, धुतलेला उरलेला गाळ वाळवून सरळ एलिमेंटल ॲनालायझरमधे, म्हणजे नमुना जाळून त्यातला नत्र मोजणाऱ्या यंत्रात जाळायचा, जो नत्र निघेल तो फिक्स्ड धरायचा. हल्ली बरेच जण हेच करतात, मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असेल तर नायट्रोजन-१५ चं, म्हणजे नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचं प्रमाणही त्याच झटक्यात मिळतं. अडचण एकच, हायपोब्रोमाईटला दाद न देणारं सेंद्रिय, म्हणजे कोळशाचे कण किंवा शेलमधलं जुनं केरोजेन, तेही जळतं आणि तोही नत्र फिक्स्डमधे मोजला जातो. शेलवरच्या मातीत हा घोटाळा जास्त, म्हणजे नेमका जिथे आपल्याला खडकाचा नत्र शोधायचा असतो तिथेच. मी तरी गाळातला उरलेला कार्बन बघितल्याशिवाय अशा आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

प्रश्न: एकूण नत्र केल्डालने काढतो. त्यात हा फिक्स्डपण येतो की नाही?

काही येतो, सगळा येईल याची खात्री नाही. योहान केल्डाल यांनी १८८३ मधे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ती पद्धत बसवली ती धान्यातल्या प्रथिनांसाठी, अभ्रकासाठी नव्हे. गरम सल्फ्युरिक ॲसिड क्लेच्या पानांचं बरंच काही बिघडवतं पण अभ्रकात खोल बसलेला अमोनियम सुटायची हमी नाही. फिक्स्ड जास्त असेल असा संशय असेल तर आधी हायड्रोफ्लोरिकची ट्रीटमेंट द्यायची किंवा ज्वलनाने काढायचा.

प्रश्न: आमच्या खड्ड्यातल्या खालच्या थराचा कार्बन-नायट्रोजन रेशो ४ आला. लॅब म्हणते दोनदा तपासलं. एवढा कमी रेशो कसा असेल?

लॅब बहुतेक बरोबर आहे, भागाकार चुकलाय. म्हणजे गणित नाही चुकलं, छेदात जे घेतलंय ते चुकलंय.

समजा कार्बन ०.२० टक्के, एकूण नत्र ०.०५ टक्के, म्हणजे किलोला ५०० मिलिग्रॅम. रेशो ४. सूक्ष्मजीवांच्या शरीराचासुद्धा एवढा खाली सहसा नसतो, मातीतल्या ह्युमसचा तर १० च्या आसपास असतो. आता फिक्स्ड मोजला आणि तो २५० निघाला, तर सेंद्रिय नत्र उरला २५० आणि रेशो आला ८. चमत्कार गायब. खोल जाऊ तसं सेंद्रिय कमी होत जातं पण क्ले तिथेच असते, तिच्यातला अमोनियमही तिथेच, म्हणून एकूण नत्रात त्याचा वाटा वाढत जातो. वरच्या थरात दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर खाली ३०-४० टक्केही होतो. एकूण नत्र म्हणजे सेंद्रिय नत्र असं धरून चालायची सवय वरच्या थरात खपून जाते, खाली गेलं की उघडी पडते.

फिक्स्ड मोजायची सोय नसेल तर एक जुगाड आहे, वेगवेगळ्या खोलीच्या नमुन्यांचा कार्बन आडव्या अक्षावर आणि एकूण नत्र उभ्यावर मांडा, रेषा काढा, कार्बन शून्य असताना रेषा नत्राच्या अक्षाला जिथे कापते तो अंदाजे फिक्स्ड. मात्र सगळ्या खोलीला क्ले सारखीच आणि रेशोही सारखाच असेल तरच. नसतो बरेचदा.

प्रश्न: फिक्स्ड निघाला, ठीक. पण तो खडकातून आलाय की आम्ही टाकलेल्या युरियातून, हे कसं ओळखायचं? आणि पिकाला तो मिळतो का?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आलाय, आणि हायड्रोफ्लोरिकच्या आकड्यातून याचं उत्तर *मिळत नाही*. पान फोडल्यावर बाहेर येणाऱ्या अमोनियमवर कुठून आला ते लिहिलेलं नसतं.

युरियाचा अमोनियम झाला की तो पानांच्या कडेच्या, थोड्या उघड्या जागांमधे जाऊन बसतो. खडकाचा अभ्रकाच्या गाभ्यात, जिथे पान कधी उघडलेलंच नाही. त्यामुळे काल बसलेला बऱ्यापैकी लवकर परत निघतो, मुळं आजूबाजूचं पोटॅश आणि अमोनियम ओढून घेतात, नायट्रेट करणारे जीवाणू अमोनियम खातात, बाहेर कमी झाला की कडेची पानं सैल होतात आणि आतला बाहेर येतो. गाभ्यातला अभ्रक झिजेल तेव्हाच. हाच फरक पकडायला काही जण सोडियम टेट्राफेनिलबोरॉन वापरतात, ते द्रावणातलं पोटॅशियम आणि अमोनियम खाली बसवून टाकतं, म्हणजे मिटवणारा गडीच उरत नाही, आणि कडेचा अमोनियम निघून येतो. खात्रीने ओळखायचं असेल तर नायट्रोजन-१५ लावलेलं खत टाकून पाठलाग करायचा. आणि सगळ्यात साधं काम, जे लोक विसरतात, खड्डा मूळ खडकापर्यंत न्यायचा आणि खडकाचाच तुकडा दळून त्यातलं मोजायचं. खडकात नसेल तर मातीत खडकाचा कुठून येईल?

बरं, २०० मिलिग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, पण हेक्टरला २० सेंटिमीटर खोल माती, घनता १.३ धरली तर २६०० टन होते आणि त्यात ५२० किलो नत्र येतो. तो सगळा पिकाचा नाही हे वर सांगितलंच, त्यामुळे हा आकडा बघून खत कमी करू नका.

प्रश्न: एवढ्या कोंडलेल्या नत्राने निसर्गात काही फरक पडतो का? की हे फक्त लॅबवाल्यांचं कौतुक?

पडतो. कॅलिफोर्नियातलं बघा. डाल्ग्रेन यांनी १९९४ मधे क्लामथ पर्वतातल्या अभ्रकी शिस्टवरची माती तपासली, अमोनियम अभ्रकातून सुटतो, जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, त्यात आम्ल तयार होतं आणि माती आम्ल होत जाते, खत नाही, कारखान्याचा धूर नाही, नुसता दगड. १९९८ मधे हॉलोवे आणि सहकाऱ्यांनी मोकेलम्ने नदीच्या खोऱ्यातल्या ओढ्यांमधलं जास्तीचं नायट्रेट खालच्या खडकापर्यंत नेऊन जोडलं. तोवर नायट्रेट म्हटलं की खत नाहीतर सांडपाणी, तिसरा संशयित नव्हताच. २०११ मधे मॉरफर्ड, हौल्टन आणि डाल्ग्रेन यांनी नत्र असलेल्या आणि नसलेल्या खडकांवरची जंगलं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली तर नत्रवाल्या खडकावर मातीत आणि पानांत ५० टक्क्यांहून जास्त नत्र. त्याच तिघांनी २०१८ मधे पूर्ण पृथ्वीचा हिशेब मांडला, खडक झिजून वर्षाला १.९ ते ३.१ कोटी टन नत्र मोकळा होतो असा.

प्रश्न: अमोनियमचंच बनलेलं खनिज असतं का?

असतं. बडिंग्टोनाईट, म्हणजे पोटॅश फेल्डस्पार ज्यात पोटॅशच्या जागी अमोनियम बसलाय, १९६४ मधे कॅलिफोर्नियातल्या पाऱ्याच्या एका खाणीतून वर्णन झालेलं. टोबेलाईट हे अमोनियमचं अभ्रक, नाव जपानच्या टोबे गावावरून. मातीत मात्र तुम्हाला ही शुद्ध खनिजं भेटणार नाहीत, तिथे इलाईटमधे इथे एक तिथे एक असाच कारभार.

प्रश्न: नमुना लॅबला ओला पाठवू की वाळवून?

एकूण फिक्स्डसाठी वाळवलेला चालतो, दळायचाच असतो. पण खत टाकून थोडेच दिवस झाले असतील आणि सुटा अमोनियम किती, कोंडलेला किती हे वेगवेगळं हवं असेल तर ओलाच, थंड डब्यातून, लवकरात लवकर. माती वाळली की पानं मिटतात आणि सुट्यातला थोडा आत कोंडला जातो, म्हणजे नमुना पाठवता पाठवता तुम्हीच उत्तर बदलून टाकता. वाळवलाच असेल तर उन्हात की ओव्हनमधे, किती तापमानाला, तेवढं पिशवीवर लिहा.